सोप क्लायंटमधून स्वतःचा हेडर कसा पाठवायचा: डब्ल्यूसीएफ वापरणाऱ्यांसाठी सविस्तर कृती

समोरच्या कंपनीकडून मेल येतो: पुढच्या महिन्यापासून आमच्या सोप सेवेकडे (एक्सएमएल मेसेजवर चालणाऱ्या वेब सेवेकडे) येणाऱ्या प्रत्येक मेसेजच्या हेडरमध्ये शाखेचा कोड आणि विनंतीचा क्रमांक हवा, नसेल तर विनंती परत जाईल. आपल्याकडे त्या सेवेची ३०-३५ ऑपरेशन्स असतात आणि ती शंभर ठिकाणांहून बोलावलेली असतात. मेल वाचून पहिला विचार येतो तो प्रत्येक ठिकाणी जाऊन दोन ओळी वाढवण्याचा. तो विचार तिथेच थांबवा. हेडर सगळ्या मेसेजना लागणार असेल, तर तो एकाच जागी, मेसेज बाहेर पडायच्या अगदी आधी लावायचा. ती जागा कोणती आणि तिथे पोचताना पाय कुठे अडकतो, हे पुढे क्रमाने लिहिलं आहे.

उदाहरणं डॉटनेटच्या डब्ल्यूसीएफची, म्हणजे अशा सेवांशी बोलण्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीची आहेत. डब्ल्यूसीएफ २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर आलं. नव्या डॉटनेटमध्येही त्याच्या क्लायंटच्या लायब्ररी मिळतात, त्यामुळे जुन्या सोप सेवांशी बोलायला ते आजही रोज वापरलं जातं. क्लासची आणि मेथडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये सुरुवातीची काही अक्षरं टाकलीत की पूर्ण नाव समोर येईल.

पायरी १: हेडर नेमका कुठला, ते विचारून घ्या

‘हेडर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. सोपचा मेसेज एचटीटीपीवरून जातो, तेव्हा एचटीटीपीचे स्वतःचे हेडर असतात: कंटेंट-टाइप, ऑथरायझेशन वगैरे. ते एक्सएमएलच्या बाहेर असतात. एक्सएमएल म्हणजे सोपचा एनव्हलप, पूर्ण मेसेजचं पाकीट, आणि एनव्हलपमध्ये पुन्हा स्वतंत्र हेडर असतो. रचना अशी दिसते:

एचटीटीपी विनंती
— एचटीटीपी हेडर: कंटेंट-टाइप, सोपअॅक्शन, ऑथरायझेशन
— सोप एनव्हलप
—— सोप हेडर
——— विनंतीसंदर्भ: शाखाकोड, विनंतीक्रमांक
—— सोप बॉडी
——— ऑर्डरस्थिती: ऑर्डरक्रमांक

सोप हेडर ऐच्छिक आहे, पण असेल तर बॉडीच्या आधीच यावा लागतो. समोरची टीम टोकन (ओळख पटवणारा मजकूर) ‘हेडरमध्ये टाका’ म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना एचटीटीपीचा ऑथरायझेशन हेडर हवा असतो, कारण तो त्यांच्या गेटवेला एक्सएमएल न उघडता वाचता येतो. शाखेचा कोड किंवा सेशनचा क्रमांक म्हणतात, तेव्हा बहुधा सोप हेडर अभिप्रेत असतो. अंदाज बांधू नका. त्यांच्याकडे चालणाऱ्या एका खऱ्या विनंतीचा पूर्ण नमुना, एचटीटीपी हेडरसकट, मागून घ्या. २० पानांच्या दस्तऐवजापेक्षा तो नमुना जास्त उपयोगी पडतो.

पायरी २: डब्ल्यूएसडीएल उघडून बघा

कोडला हात लावण्याआधी डब्ल्यूएसडीएलमधला, म्हणजे सेवेचं वर्णन करणाऱ्या एक्सएमएल फाइलमधला, बाइंडिंगचा भाग (मेसेज कसा पाठवायचा ते सांगणारा) वाचा. तिथे ऑपरेशनच्या इनपुटखाली सोपच्या हेडरचा उल्लेख असेल, तर प्रॉक्सी (सेवेला बोलावणारा आयता कोड) पुन्हा तयार केल्यावर डॉटनेट-एसव्हीसीयुटिल हे साधन त्याच्यासाठी मेसेज काँट्रॅक्टचा, म्हणजे मेसेजची रचना ठरवणारा, क्लास बनवून देतं आणि हेडर हे विनंतीतलंच एक फील्ड होतं. असं असेल तर पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही, फील्ड भरा आणि विनंती पाठवा.

सेल्सफोर्सची सोप एपीआय हे याचं चांगलं उदाहरण आहे. लॉगिन केल्यावर सेशन आयडी मिळतो आणि नंतरच्या प्रत्येक विनंतीत तो सेशनहेडर नावाच्या सोप हेडरमध्ये द्यावा लागतो. क्वेरीऑप्शन्स या दुसऱ्या हेडरमध्ये एका खेपेला किती नोंदी हव्यात ते सांगता येतं: किमान २००, कमाल २०००, काही न सांगितल्यास ५००. हे हेडर त्यांच्या डब्ल्यूएसडीएलमध्येच जाहीर केलेले असल्याने प्रॉक्सीत आयते येतात.

अडचण होते ती हेडर नंतर वाढवलेला असतो आणि डब्ल्यूएसडीएलमध्ये त्याचा मागमूसही नसतो तेव्हा. वरच्या मेलसारख्या प्रसंगात बहुतेक वेळा हेच घडतं.

पायरी ३: नाव, नेमस्पेस, आतली रचना, मस्टअंडरस्टँड

या चार गोष्टी लेखी हव्यात. नेमस्पेस म्हणजे घटकाचं नाव कुणाच्या शब्दसंग्रहातलं, ते सांगणारी खूण. सोप हेडरच्या थेट आतला प्रत्येक घटक नेमस्पेससह असावाच लागतो. घटकाची ओळख नाव अधिक नेमस्पेस अशी दोन्ही मिळून ठरते, आणि नेमस्पेसची तुलना अक्षराला अक्षर लावून होते. दिसायला तो वेबचा पत्ता असला तरी पत्त्याचे नियम त्याला लागू नाहीत. मोठी-लहान लिपी बदलली किंवा शेवटची तिरकी रेघ कमी-जास्त झाली, की तो वेगळा नेमस्पेस.

याच तिरक्या रेघेने आमचे दोन दिवस खाल्ले आहेत. आम्ही पाठवलेल्या मेसेजमध्ये हेडर डोळ्यांना स्वच्छ दिसत होता आणि तिकडून उत्तर येत होतं की हेडर सापडला नाही. आम्ही सर्टिफिकेट तपासलं, प्रॉक्सी पुन्हा बनवली, बाइंडिंग बदलून पाहिलं. शेवटी एका सहकाऱ्याने त्यांचा नमुना आणि आमचा मेसेज एकाखाली एक ठेवून अक्षरांवर बोट फिरवलं. त्यांच्या नेमस्पेसच्या शेवटी तिरकी रेघ होती, आमच्या नव्हती. दस्तऐवज टाइप करताना ती गळाली होती आणि आम्ही दस्तऐवजातूनच कॉपी केलं होतं. तेव्हापासून नेमस्पेस नेहमी नमुन्यातून किंवा डब्ल्यूएसडीएलमधूनच उचलायचा आणि कोडमध्ये एकाच कॉन्स्टंटमध्ये ठेवायचा, हा आमचा नियम आहे.

मस्टअंडरस्टँडचा अर्थ असा: हा हेडर ज्याला समजत नसेल त्याने मेसेजवर काम न करता फॉल्ट, म्हणजे चूक कळवणारं उत्तर, परत पाठवावा. सोप १.१ मध्ये त्याची किंमत १ किंवा ० असते, १.२ मध्ये ट्रू-फॉल्सही चालतं. समोरच्याने मागितल्याशिवाय तो लावू नका. नुसत्या माहितीसाठी पाठवलेल्या हेडरवर तो लावला, तर वाटेतली एखादी जुनी सेवा चालता व्यवहार बंद पाडेल.

पायरी ४: एखाद-दुसऱ्या कॉलसाठी झटपट मार्ग

एकाच कॉलला हेडर लावायचा असेल किंवा आधी चाचणी घ्यायची असेल, तर ऑपरेशनकॉन्टेक्स्टस्कोप पुरतो. क्लायंटचं इनरचॅनेल देऊन स्कोप उघडायचा. मेसेजहेडर या क्लासच्या क्रिएटहेडर मेथडला नाव, नेमस्पेस आणि मूल्य द्यायचं. तयार झालेला हेडर ऑपरेशनकॉन्टेक्स्ट.करंटच्या आउटगोइंगमेसेजहेडर्समध्ये अॅड करायचा, आणि स्कोप बंद होण्याआधी सेवेची मेथड बोलवायची.

इथला खड्डा असिंकचा आहे. स्कोपची माहिती थ्रेडला बांधलेली असते. स्कोपच्या आत अवेट केलं आणि पुढचं काम दुसऱ्या थ्रेडवर सुरू झालं, तर स्कोप बंद होताना ‘ज्या थ्रेडवर उघडला त्यावर बंद होत नाही’ अशी एक्सेप्शन येते. ती दर वेळी येत नाही, लोड वाढला की येते, म्हणून शोधायला जास्त त्रास देते. उपाय सोपा आहे: स्कोपच्या आत असिंक मेथड फक्त बोलवा, मिळालेला टास्क व्हेरिएबलमध्ये धरा, स्कोप बंद होऊ द्या आणि अवेट बाहेर करा. हेडर मेसेजला कॉल करतानाच जोडला गेलेला असतो.

पायरी ५: कायमचा मार्ग, इन्स्पेक्टर आणि बिहेव्हियर

इथे दोन छोटे क्लास लिहायचे: मेसेजला हेडर लावणारा इन्स्पेक्टर आणि त्या इन्स्पेक्टरला क्लायंटशी जोडणारा बिहेव्हियर.

पहिला क्लास आयक्लायंटमेसेजइन्स्पेक्टर हा इंटरफेस पाळतो. त्यात दोनच मेथड आहेत. बिफोरसेंडरिक्वेस्ट ही मेसेज बाहेर पडायच्या आधी चालते आणि तिच्या हातात पूर्ण मेसेज असतो. आफ्टररिसीव्हरिप्लाय उत्तर आल्यावर चालते. पहिल्या मेथडमध्ये रिक्वेस्टच्या हेडर्सवर क्रिएटहेडरने बनवलेला हेडर अॅड करायचा. अॅड करण्याआधी त्याच नावाच्या आणि नेमस्पेसच्या हेडरसाठी रिमूव्हऑल बोलवायची सवय ठेवा. एखाद्या जुन्या कॉलने पायरी ४ च्या पद्धतीने तोच हेडर आधीच लावलेला असेल, तर मेसेजमध्ये तो दोनदा जाईल आणि बऱ्याच सेवा दुहेरी हेडर नाकारतात.

पहिली मेथड जे परत देते, तेच डब्ल्यूसीएफ दुसऱ्या मेथडच्या हातात कोरिलेशनस्टेट म्हणून ठेवतं. विनंतीचा क्रमांक परत द्या. उत्तर आल्यावर कुठल्या विनंतीचं कुठलं उत्तर आणि किती वेळ लागला, हे लॉगमध्ये एका ओळीत लिहिता येतं. काहीही परत द्यायचं नसेल तर नल द्या.

दुसरा क्लास आयएंडपॉइंटबिहेव्हियर पाळतो. त्यात चार मेथड आहेत, पण आपल्याला फक्त अप्लायक्लायंटबिहेव्हियर हवी. तिथे क्लायंटरनटाइमच्या क्लायंटमेसेजइन्स्पेक्टर्समध्ये आपला इन्स्पेक्टर अॅड करायचा. बाकीच्या तीन मेथड रिकाम्या सोडायच्या. त्यांत नॉटइम्प्लिमेंटेड एक्सेप्शन तशीच राहू देऊ नका. एडिटर ती आपोआप भरतो आणि पहिल्याच कॉलला सगळं कोसळतं.

आता हा बिहेव्हियर क्लायंटला जोडायचा. क्लायंटच्या एंडपॉइंटमध्ये एंडपॉइंटबिहेव्हियर्स नावाचा संग्रह आहे, त्यात अॅड करा, आणि तो पहिला कॉल होण्याआधी करा. चॅनेल एकदा उघडलं की नंतर जोडलेल्या बिहेव्हियरचा काही उपयोग होत नाही. एररही येत नाही, हेडर नुसता जात नाही.

जोडणीसाठी मला सगळ्यात आवडणारी जागा वेगळी आहे आणि ती फार कमी जण वापरतात. डॉटनेट-एसव्हीसीयुटिलने बनवलेल्या प्रॉक्सीच्या फाइलमध्ये कॉन्फिगरएंडपॉइंट नावाची एक स्टॅटिक पार्शल मेथड नुसती जाहीर केलेली असते. क्लायंटच्या कन्स्ट्रक्टरमधून ती बोलावली जाते. आपण वेगळ्या फाइलमध्ये त्याच क्लासचा पार्शल भाग लिहून तिला अंग द्यायचं आणि तिथे बिहेव्हियर जोडायचा. त्यानंतर प्रकल्पात कुणीही, कुठेही नवा क्लायंट बनवला तरी हेडर जातोच. महत्त्वाचं म्हणजे डब्ल्यूएसडीएल बदलून प्रॉक्सी पुन्हा तयार केली तरी आपली फाइल शाबूत राहते. तयार झालेल्या प्रॉक्सीच्या फाइलमध्ये हाताने ओळी घुसवणाऱ्यांना ही शाश्वती कधीच मिळत नाही.

जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे क्लायंटबेस (प्रॉक्सीचा मूळ क्लास) आतल्या चॅनेलफॅक्टरीची, म्हणजे चॅनेल बनवून देणाऱ्या ऑब्जेक्टची, साठवण करतो, म्हणजे दुसऱ्यांदा क्लायंट बनवणं स्वस्त पडतं. कॉल करण्याआधी एंडपॉइंट या प्रॉपर्टीला हात लावला की त्या क्लायंटपुरती ही साठवण बंद होते. प्रत्येक कॉलला नवा क्लायंट आणि त्याला नवा बिहेव्हियर असा कोड असेल, तर हेडर लावल्यापासून सेवा हळू झाल्याची तक्रार येईल. अशा वेळी बिहेव्हियर जोडलेली एकच चॅनेलफॅक्टरी अॅप्लिकेशनच्या सुरुवातीला बनवा, ती धरून ठेवा आणि तिच्याकडून हवी तेवढी चॅनेल घ्या.

पायरी ६: दर कॉलला बदलणारी मूल्यं

शाखेचा कोड वेबवर लॉगिन केलेल्या माणसाप्रमाणे बदलतो, विनंतीचा क्रमांक तर दर वेळी नवा. इन्स्पेक्टरचा मात्र एकच ऑब्जेक्ट एका फॅक्टरीवरच्या सगळ्या कॉलसाठी वापरला जातो आणि एकाच वेळी अनेक थ्रेड त्यातून जातात. म्हणून इन्स्पेक्टरच्या फील्डमध्ये ‘आताची शाखा’ ठेवू नका. तसं केलं तर गर्दीच्या वेळी एका शाखेची विनंती दुसऱ्या शाखेच्या नावाने जाईल, आणि ही चूक चाचणीत कधीच सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकटा असतो.

विनंतीचा क्रमांक बिफोरसेंडरिक्वेस्टमध्येच तयार करा. शाखेसारखी संदर्भाची मूल्यं असिंकलोकलमध्ये ठेवा. असिंकलोकल अवेटच्या पलीकडेही आपापल्या प्रवाहाबरोबर राहतो. इन्स्पेक्टरच्या कन्स्ट्रक्टरला थेट मूल्य देण्याऐवजी मूल्य आणून देणारं फंक्शन द्या, म्हणजे ते कॉलच्या क्षणी विचारलं जाईल. जुनं झालेलं टोकन ताजं करण्याचं कामही त्या फंक्शनच्या मागे राहू शकतं. फक्त टोकनची आगाऊ तजवीज करा, कारण बिफोरसेंडरिक्वेस्ट असिंक नाही आणि तिच्या आत नेटवर्कची वाट पाहत बसलात तर थ्रेड अडकून पडतात.

पायरी ७: एचटीटीपी हेडर हवा असेल तर

जागा तीच, म्हणजे बिफोरसेंडरिक्वेस्ट. रिक्वेस्टच्या प्रॉपर्टीजमध्ये एचटीटीपीरिक्वेस्टमेसेजप्रॉपर्टी आहे का ते ट्रायगेटव्हॅल्यूने पाहा. असेल तर तिच्याच हेडर्समध्ये आपलं मूल्य टाका, नसेल तर नवी बनवून जोडा. आधी न पाहता सरळ अॅड केलं आणि ती आधीपासून असली, तर एक्सेप्शन येते. एचटीटीपी हेडरच्या नावात मोठ्या-लहान लिपीचा फरक मोजला जात नाही, सोपच्या एक्सएमएलमध्ये मात्र तो मोजला जातो. नवं नाव ठरवणं तुमच्या हातात असेल तर सुरुवातीला एक्स आणि जोडरेघ लावू नका. २०१२ च्या आरएफसी ६६४८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने ती प्रथा सोडायला सांगितलं आहे.

पायरी ८: हेडरच्या आतलं एक्सएमएल

क्रिएटहेडरला साधा स्ट्रिंग दिला तर हेडरमध्ये फक्त मजकूर जातो. आत दोन-तीन घटक हवे असतील तर डेटाकाँट्रॅक्टचा क्लास द्यावा लागतो, आणि तिथे दोन गोष्टी त्रास देतात. काँट्रॅक्टला नेमस्पेस सांगितला नाही, तर आतल्या घटकांना डब्ल्यूसीएफ स्वतःचाच एक नेमस्पेस लावतं. क्रम सांगितला नाही, तर घटक वर्णानुक्रमे जातात. दोन्ही डेटाकाँट्रॅक्ट आणि डेटामेंबर यांच्यावर स्पष्ट लिहा.

अॅट्रिब्यूट किंवा ठरावीक प्रीफिक्स (नेमस्पेसचं लघुनाव) हवा असेल, तर मेसेजहेडर या क्लासपासून आपला क्लास काढा. नाव आणि नेमस्पेस या प्रॉपर्टी द्या आणि ऑनराइटहेडरकंटेंट्समध्ये रायटरने हवं ते एक्सएमएल लिहा. प्रीफिक्सचा आग्रह धरणारी सेवा एक्सएमएलच्या नियमांप्रमाणे चुकीची असते, पण अशा सेवा आहेत आणि त्यांच्याशी बोलावं लागतं. तेव्हा ऑनराइटस्टार्टहेडर ओव्हरराइड करा.

याचा सर्वांत मोठा उपयोग डब्ल्यूएस-सिक्युरिटी या सोपच्या सुरक्षेच्या मानकातल्या युजरनेमटोकनसाठी (नाव आणि पासवर्ड नेणाऱ्या हेडरसाठी) होतो. पासवर्ड उघडा पाठवायचा असेल, तर एचटीटीपीएसवर डब्ल्यूसीएफचा ट्रान्सपोर्टविथमेसेजक्रेडेन्शियल हा प्रकार काम करतो, हाताने हेडर लिहू नका. पासवर्ड डायजेस्ट (पासवर्डऐवजी त्याचा हॅश) मागितलं असेल, तर ते डब्ल्यूसीएफमध्ये आयतं नाही, स्वतः बनवावं लागतं. सूत्र असं: नॉन्स (एकदाच वापरायचे यादृच्छिक बाइट्स), तयार केल्याची वेळ आणि पासवर्ड हे तिन्ही याच क्रमाने सलग जोडायचे, त्याचा एसएचए-१ हॅश काढायचा आणि तो बेस६४ मध्ये लिहायचा. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. हॅशमध्ये नॉन्सचे मूळ बाइट्स घ्यायचे असतात, त्याचा बेस६४ केलेला मजकूर नव्हे. मेसेजमध्ये मात्र बेस६४ मजकूरच जातो. वेळही हॅशमध्ये आणि मेसेजमध्ये अक्षरशः एकच हवी, यूटीसीमध्ये. ती दोनदा वाचली आणि सेकंदाच्या अंशाचा फरक पडला, तरी डायजेस्ट जुळणार नाही.

पायरी ९: उत्तरातला हेडर

उत्तरातला हेडर वाचायला आफ्टररिसीव्हरिप्लायमध्ये रिप्लायच्या हेडर्सवर फाइंडहेडर वापरा. सापडला नाही तर ती उणे एक देते, तो तपास आधी करा आणि मगच गेटहेडर बोलवा. कधी कधी समोरची सेवा उत्तरात मस्टअंडरस्टँड लावलेला सिक्युरिटी हेडर पाठवते आणि आपला क्लायंट ‘हा हेडर समजला नाही’ म्हणून प्रोटोकॉलएक्सेप्शन देतो, जरी बॉडीत उत्तर बरोबर आलेलं असलं तरी. तो हेडर खरोखर तपासून झाल्यावर त्याला रिप्लायच्या हेडर्समधल्या अंडरस्टूडहेडर्समध्ये टाका. तपास न करता नुसता गप्प करणं म्हणजे समोरच्याने दिलेली सुरक्षेची सूचना कचऱ्यात टाकणं आहे.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी

जागा बदलते, विचार तोच राहतो. जावात जॅक्स-डब्ल्यूएसचा सोपहँडलर लिहायचा आणि हँडलमेसेजमध्ये मेसेज बाहेर जाणारा आहे का ते पाहून हेडर जोडायचा. जेडीके ११ पासून जॅक्स-डब्ल्यूएस जावाच्या आत येत नाही, लायब्ररी वेगळी घ्यावी लागते. पायथनच्या झीप या लायब्ररीत कॉलला सोपहेडर्सची यादी देता येते, आणि सगळ्या कॉलसाठी एकदाच ठरवायला सेट-डीफॉल्ट-सोपहेडर्स आहे. पीएचपीत सोपहेडर बनवून सोपक्लायंटच्या सेटसोपहेडर्सला द्यायचा.

पायरी १०: तारेवर काय गेलं ते बघा

डीबगरमधल्या ऑब्जेक्टवर विश्वास ठेवू नका, बाहेर पडलेला मजकूर पाहा. फिडलरसारखा, वाटेतली वाहतूक दाखवणारा प्रॉक्सी (पायरी २ मधला प्रॉक्सीचा कोड नव्हे) मध्ये ठेवा, किंवा सोपयूआय या चाचणीच्या साधनात डब्ल्यूएसडीएलवरून खोटी सेवा उभी करून क्लायंटला तिचा पत्ता द्या. इन्स्पेक्टरमधूनच मेसेज लॉगमध्ये लिहायचा असेल तर सांभाळून, कारण डब्ल्यूसीएफचा मेसेज एकदाच वाचता येतो. आधी क्रिएटबफर्डकॉपी करा, एक प्रत रिक्वेस्टमध्ये परत ठेवा आणि दुसरी लॉगला द्या. लॉगमध्ये जाण्याआधी टोकन आणि पासवर्ड पुसा. लॉगच्या फाइली आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त लोक उघडतात.

मग एकाच क्लायंटवरून लागोपाठ दोन कॉल करा. दोन्ही मेसेजमध्ये हेडर आहे ना, तो एकदाच आहे ना, विनंतीचा क्रमांक वेगळा आहे ना आणि नेमस्पेस त्यांच्या नमुन्याशी शेवटच्या तिरक्या रेघेपर्यंत जुळतो ना, ते पाहा. त्यानंतर दोन वेगवेगळ्या शाखांच्या नावाने ५० कॉल एकदम सोडा आणि खोट्या सेवेकडे पोचलेल्या मेसेजमधला शाखाकोड बॉडीतल्या ऑर्डरशी ताडून बघा. एक जरी जोडी चुकली, तर पायरी ६ वर परत जा.